एका श्वासाची नोंद : व्हेल शार्कच्या संशोधनाला हातभार लावायचा असेल तर

व्हेल शार्कच्या डाव्या कुशीवर, कल्ल्याच्या शेवटच्या फटीपासून छातीच्या पराच्या मागच्या टोकापर्यंत, पांढऱ्या ठिपक्यांचा एक पट्टा असतो. प्रत्येक माशाची ठिपक्यांची मांडणी वेगळी, आणि मासा वाढला तरी ती टिकून राहते. त्या पट्ट्याचा एक स्वच्छ, काटकोनातून घेतलेला फोटो मिळाला की हा मासा कोण हे सांगता येतं. पूर्वी तो कुठे दिसला होता, तेव्हा केवढा होता, परावरची जखम तेव्हा होती की नंतर झाली, हे सगळं त्या फोटोच्या आधाराने जुळवता येतं. त्यासाठी जाळं लागत नाही, गळ लागत नाही, माशाला हातही लावावा लागत नाही. पाण्यात निवांत राहणारा, श्वास रोखून चार-पाच मीटर खाली जाणारा आणि कॅमेरा कुठे धरायचा हे माहीत असलेला माणूस मात्र लागतो.

चांगलं पोहता येणाऱ्या, प्रकृतीने धडधाकट माणसाला हे काम शिकता येतं. पण शार्कबरोबर पोहून येणं आणि त्याची नोंद घेऊन येणं ही दोन निराळी कामं आहेत. नोंद घ्यायला गेलेल्या माणसाने कधी खाली जायचं आणि कधी वरच थांबायचं, हे त्याची हौस ठरवत नाही. ते त्याचा श्वास ठरवतो आणि समोरचा मासा ठरवतो. पुढचं सगळं मार्गदर्शन याच एका गोष्टीभोवती आहे.

ठिकाण म्हणून मी मालदीवचा दक्षिण आरी अटॉल डोळ्यांपुढे ठेवला आहे. व्हेल शार्क जगात अनेक ठिकाणी ठरावीक ऋतूत येतात. ऑस्ट्रेलियाच्या निंगालू किनाऱ्यावर साधारण मार्चपासून पुढे काही महिने. दक्षिण आरीत ते बारा महिने दिसतात. मालदीवने १९९५ मध्ये व्हेल शार्कला संरक्षण दिलं, २००९ मध्ये दक्षिण आरीचा हा पट्टा संरक्षित सागरी क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि २०१० मध्ये शार्कची मासेमारीच बंद केली. मालदीव्हज व्हेल शार्क रिसर्च प्रोग्रॅम ही संस्था २००६ पासून तिथे काम करते आणि धिगुरा बेटावरून चालणाऱ्या तिच्या कामात स्वयंसेवकांना जागा असते. मुंबईहून विमानाने तीनेक तासांचं अंतर. सुट्टीसाठी मालदीवला जाणाऱ्या मराठी माणसांची संख्याही आता थोडी नाही. त्यातल्या काहींनी तरी या कामाकडे वळावं, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

ठिपके, तारे आणि नर-मादी

ठिपक्यांवरून मासा ओळखण्याची पद्धत तारे बघणाऱ्यांकडून आली. आकाशाच्या दोन छायाचित्रांतले तारे एकमेकांशी जुळवण्यासाठी एडवर्ड ग्रोथ या खगोलशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये एक गणिती रीत मांडली होती. तीन-तीन ताऱ्यांचे त्रिकोण करायचे आणि ते दुसऱ्या छायाचित्रात शोधायचे, असा तिचा गाभा. झावेन अर्झुमानियन हे खगोलशास्त्रज्ञ, जेसन होमबर्ग हे संगणकतज्ज्ञ आणि ब्रॅड नॉर्मन हे व्हेल शार्कचे अभ्यासक यांनी तीच रीत माशाच्या ठिपक्यांना लावली आणि २००५ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यावर उभा राहिलेला फोटोंचा जागतिक संग्रह आज शार्कबुक या नावाने चालतो. त्यात संशोधकांनी काढलेले फोटो आहेत तसे साध्या पर्यटकांनी पाठवलेलेही आहेत, आणि संगणक त्यांच्यात भेद करत नाही. फोटो स्वच्छ आहे की नाही, एवढंच तो बघतो.

ओळखीनंतरचा महत्त्वाचा प्रश्न नर की मादी हा. नराच्या पोटाखालच्या परांपाशी दोन लांबट अवयव असतात. मादीला ते नसतात. वरून हे दिसत नाही, बाजूने थोडं खाली जाऊन पाहावं लागतं. श्वास रोखून मारलेल्या बुडीचा खरा उपयोग इथे होतो. दक्षिण आरीत दिसणारे बहुतेक शार्क वयात न आलेले नर आहेत. किनाऱ्याजवळच्या इतर अनेक जागांवरही हेच चित्र आहे. मोठ्या माद्या दिसतात त्या गालापागोससारख्या मोजक्या ठिकाणी, आणि पिल्लं कुठे जन्मतात हे कोडं अजून सुटलेलं नाही. १९९५ मध्ये तैवानजवळ पकडलेल्या एका मादीच्या पोटात तीनशेच्या आसपास पिल्लं आढळली, तेव्हा कुठे हा मासा पिल्लांना जन्म देतो हे पक्कं झालं. त्यामुळे ‘नर’, ‘मादी’ किंवा ‘पाहता आलं नाही’ यांपैकी एका रकान्यावरची खूण फार मोलाची असते. तिसरा रकाना भरायला कचरू नका. अंदाजाने ‘मादी’ लिहिलेली एक नोंद पुढे संशोधकाला महिनोन्‌महिने चुकीच्या वाटेने नेऊ शकते.

तिसरी नोंद जखमांची. दक्षिण आरीतल्या कित्येक शार्कच्या अंगावर बोटीच्या पंख्याचे वार आहेत. एकाच माशाचे वेगवेगळ्या तारखांचे फोटो शेजारी ठेवून फ्रेया वोमर्स्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं की या माशांच्या जखमा आश्चर्य वाटावं इतक्या भरून येतात, तुटलेला परही काही अंशी पुन्हा वाढतो. पुढच्याच वर्षी त्यांच्या चमूने उपग्रह-खुणा लावलेल्या शार्कची वाट आणि मोठ्या जहाजांचे मार्ग एकमेकांवर ठेवून पाहिले. शार्कच्या वावरातला ९२ टक्के भाग जहाजांच्या वाहतुकीखाली येतो, असं दिसलं. २०१६ पासून हा मासा धोक्यात आलेल्या प्रजातींत गणला जातो, त्यामागे असे वार हेही एक कारण आहे. जखम दिसली तर तिचा वेगळा फोटो घ्या, पण ओळखीचा फोटो आधी. ओळख नसलेल्या जखमेचा उपयोग थोडाच.

टाकीशिवाय का?

व्हेल शार्क पृष्ठभागाजवळ संथपणे जातो असं वाटतं. प्रत्यक्षात त्याची संथ गतीही माणसाला धाप लावते. पाठीवर टाकी घेतलेला स्कूबा डायव्हर त्याच्या बाजूने फार वेळ जाऊ शकत नाही. फ्रीडायव्हर, म्हणजे टाकीशिवाय श्वास रोखून बुडी मारणारा, अंगाने सुटसुटीत असतो, बोटीवरून पटकन उतरतो, आणि त्याच्या श्वासाचे बुडबुडे पाण्यात खडखडत नाहीत. हातोड्याच्या डोक्याच्या शार्कसारख्या बुजऱ्या जातींजवळ जाताना हा शांतपणा फार कामी येतो. काही ठिकाणी लांब काठीच्या टोकाने खुणेचं यंत्र लावण्याचं कामही फ्रीडायव्हर करतात. ते मात्र परवाना असलेल्या, वर्षानुवर्षं सराव केलेल्या माणसाचं काम. स्वयंसेवकाने ते मागू नये, आणि कुणी देऊ केलं तर घेऊ नये.

जाता जाता एक सांगावंसं वाटतं. हवाईतल्या मार्क रॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलं की तिथला हातोडीशार्क रात्री आठशे मीटरपेक्षा खोल, थंडगार पाण्यात उतरतो तेव्हा अंगातली ऊब टिकवण्यासाठी कल्ले मिटून घेतो. म्हणजे मासाही श्वास रोखून बुडी मारतो. हे वाचल्यापासून या प्राण्यांकडे पाहण्याची माझी नजर बदलली.

श्वास

इथे थोडं सावकाश वाचा. या कामात जिवाला जो खरा धोका आहे तो शार्ककडून नाही.

आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून. प्राणवायू कमी झाला म्हणून तितकासा नाही. बुडीच्या आधी भराभर, खोल श्वास घेतले तर कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, प्राणवायू मात्र फारसा वाढत नाही. मग पाण्याखाली बरं वाटत राहतं, श्वासाची ओढ उशिरा येते, आणि तोवर प्राणवायू संपत आलेला असतो. त्यात दाबाचा खेळ असतो. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, त्यामुळे फुप्फुसांतला उरलासुरला प्राणवायूही रक्तात शिरत राहतो. वर येताना शेवटच्या काही मीटरांत दाब झपाट्याने उतरतो आणि मेंदूला मिळणारा प्राणवायू एकाएकी घटतो. माणूस शुद्ध हरपतो तो बहुतेक वेळा तळाशी नाही, पृष्ठभागाजवळ किंवा वर आल्यानंतरच्या काही क्षणांत. पूर्वसूचना मिळेलच असं नाही.

म्हणून प्राणायाम करणाऱ्या वाचकांना हात जोडून विनंती आहे. कपालभाती आणि भस्त्रिका बुडीच्या आधी करू नका. जमिनीवर त्यांचा तुम्हाला कितीही लाभ होत असो, पाण्याच्या काठावर ती नेमकी घातक तयारी ठरते. बुडीआधी दोन-तीन मिनिटं पृष्ठभागावर पालथं पडून, स्नॉर्केलमधून नेहमीसारखा, पोटातून, शांत श्वास घ्या. उच्छ्वास थोडा लांबवा. शेवटी एक पूर्ण श्वास घ्या, स्नॉर्केल तोंडातून काढा आणि खाली जा.

दुसरी गोष्ट विहिरीची. आपल्याकडे अनेकांचं पोहणं विहिरीत सुरू झालं, आणि पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो याची पैज जवळपास प्रत्येक गावात लागते. ती सवय फ्रीडायव्हिंगचा पाया आहे असं समजू नका. ती मोडून मगच फ्रीडायव्हिंग शिकायचं असतं. एकट्याने श्वास रोखण्याचा सराव पाण्यात कधीही करायचा नाही, चार फुटांच्या तलावातही नाही. सराव करायचाच तर कोरड्या जागी, पलंगावर पडून करा.

पाण्यातला नियम साधा आहे: एक खाली, एक वर. तुमचा जोडीदार पृष्ठभागावरून तुमच्याकडे पाहत राहतो. तुम्ही वर आल्यानंतरही पुढचे ३० सेकंद तो नजर हटवत नाही. तुम्ही वर येताच फुप्फुसं रिकामी करायची नाहीत. थोडी हवा सोडून लगेच पूर्ण श्वास आत, क्षणभर धरून पुन्हा तेच, असं तीन-चार वेळा. मग मास्क काढून, हाताने खूण करून, ‘मी ठीक आहे’ असं तोंडाने सांगायचं. जोडीदाराची शुद्ध हरपली तर तोंड पाण्याबाहेर उचलायचं, मास्क काढायचा, गालावर फुंकर घालायची, थोपटायचं, नावाने हाक मारायची. तरीही श्वास सुरू झाला नाही तर तोंडाने श्वास द्यायचा. हे वाचून येत नाही. प्रशिक्षकासमोर पुन्हा पुन्हा करून अंगवळणी पाडावं लागतं.

व्हेल शार्कच्या कामात एक खास सापळा आहे, आणि चांगले पोहणारेच त्यात अडकतात. मासा निघून चाललाय असं दिसतं, तुम्ही फिन्स जोरात मारत त्याला गाठता, दम लागलेला असतो, आणि त्याच दमात नर-मादी पाहायला खाली सुळकी मारता. त्या क्षणी प्राणवायू भराभर खर्च होत असतो, स्नायू तापलेले, छातीत धडधड. अशी पाच मीटरची बुडीही धोक्याची. पाठलाग करावा लागला तर बुडी नाही, हे स्वतःला आधीच बजावून ठेवा. वरूनच डाव्या कुशीचा फोटो घ्या आणि नर-मादीच्या रकान्यात ‘पाहता आलं नाही’ असं लिहा. दोन बुड्यांमधली विश्रांती बुडीच्या वेळेच्या दुप्पट तरी हवी. अर्ध्या मिनिटाची बुडी, मग किमान एक मिनिट पृष्ठभागावर. या कामाला अर्ध्या-पाऊण मिनिटापेक्षा लांब बुडी आणि आठेक मीटरपेक्षा जास्त खोली क्वचितच लागते. विक्रम करायची हौस असेल तर ती दोरीवर, प्रशिक्षकासोबत भागवावी.

जाण्याआधीची तयारी

फ्रीडायव्हिंगचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करूनच निघा. एडा, पॅडी, एसएसआय, मोल्चानोव्ह्स अशा संस्थांचे अभ्यासक्रम जगभर चालतात. पॅडीच्या पहिल्या पातळीत दीड मिनिट स्थिर श्वास रोखणं, पाण्याखाली २५ मीटर आडवं पोहणं आणि १० मीटर खोल जाणं अपेक्षित असतं. व्हेल शार्कच्या नोंदींसाठी एवढी तयारी पुरते. आपल्याकडे अंदमानात हे शिकवणारे प्रशिक्षक आहेत. तारकर्लीच्या आसपास प्रामुख्याने स्कूबा चालतं, आणि पाणी गढूळ असलं की दिसतंही कमी. पण समुद्राची, बोटीवरून उतरण्या-चढण्याची, लाटेत कॅमेरा सांभाळण्याची सवय तिथेही होते. एक लक्षात ठेवा, स्कूबा केलेल्या दिवशी नंतर फ्रीडायव्हिंग करायचं नाही. टाकीवरच्या बुडीने रक्तात नायट्रोजन साठलेला असतो.

डॉक्टरांना भेटा आणि काही लपवू नका. दमा, फिट्स, हृदयाचा आजार, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण यांपैकी काही असेल तर त्यांच्या स्पष्ट परवानगीशिवाय जाऊ नका. कानांसाठी नाक चिमटीत धरून दाब जुळवायचा असतो, आणि तो पहिल्या मीटरपासूनच, दुखायला लागण्याआधी. जुळला नाही तर वर या. सर्दी असताना बुडी मारू नका. नाक मोकळं करणारं औषध घेऊन गेलात आणि त्याचा असर खाली असताना संपला तर वर येताना हवा अडकते आणि ते फार दुखतं.

सामानाबद्दल थोडक्यात. मास्क नाक झाकणारा आणि कमी हवेचा असावा. पोहण्याचा नुसता गॉगल चालत नाही, कारण त्यातला दाब जुळवता येत नाही. तिथलं पाणी २७ ते ३० अंशांचं असतं, पातळ वेटसूट किंवा अंगभर रॅशगार्ड पुरतो. अंग झाकलं की सनस्क्रीनही कमी लागतं, आणि ते पाण्यात कमी मिसळलेलं प्रवाळाला बरं. वजनाचा पट्टा एका हाताने सुटणारा असावा आणि वजन कमीच असावं. पृष्ठभागावर तुम्ही काही न करता तरंगलं पाहिजे. लांब फिन्सची सवय नसेल तर मध्यम घ्या. गर्दीत लांब फिन्सचा फटका दुसऱ्याच्या मास्कला बसतो, आणि माशालाही.

माशाजवळ

पाण्यात उडी मारू नका. बोटीच्या कडेवर बसून अलगद उतरा. माशाच्या वाटेत आडवे येऊ नका. बाजूला, थोडं पुढे थांबा आणि तो जवळून जाईल तसे त्याच्या बाजूने, समांतर निघा. शरीरापासून किमान ३ मीटर, शेपटीपासून ४ मीटर अंतर ठेवायचं. शेपटीचं अंतर का जास्त, हे तिचा एक फटकारा पाहिला की कळतं. स्पर्श नाही, फ्लॅश नाही, पुढून डोक्यावर येणारी बुडी नाही. खाली जाताना बाजूने जा आणि वर येताना माशाच्या अंगावर येणार नाही अशी वाट आधी पाहून ठेवा. एका वेळी एकच जण खाली. चार जण एकदम खाली गेले तर वरून पाहणारं कुणी उरत नाही, आणि फोटोत माशापेक्षा पायच जास्त येतात.

मासा त्रासला की सांगतो. तो तुमच्याकडे पाठ करून कलतो, वेग वाढवतो, अंग शहारल्यासारखं हलवतो किंवा सरळ खोल निघून जातो. यातलं काही दिसलं की थांबा आणि अंतर वाढवा. त्याच्यामागे खोल जाणं हे या कामातलं सर्वांत वाईट वर्तन आहे. माशाचं भक्ष्य शोधणं मोडतं, आणि तुमचा श्वास त्याच्या हाती जातो. निघून गेलेला मासा पुन्हा येतो. तो आला नाही, तर दुसरा येतो.

दक्षिण आरीच्या प्रवाळाजवळ करडे रीफ शार्कही असतात. छातीचे पर खाली ओढलेले, पाठ कमानदार, डोकं इकडेतिकडे फेकत पोहणं, ही त्यांची ‘मागे सर’ सांगण्याची रीत आहे. अभ्यासकांनी ती १९७०च्या दशकातच नोंदवून ठेवली. दिसली तर पाठ न फिरवता, घाई न करता मागे सरका. टायगर शार्कसारख्या मोठ्या शिकारी जातींबरोबर श्वास रोखून उतरण्याचे व्हिडिओ पाहून तशी सुरुवात करावी असं कुणी म्हणत असेल, तर त्याचं ऐकू नका. त्या माणसांच्या मागे त्या जातीबरोबर घालवलेली अनेक वर्षं असतात, आणि तुमच्या एका बुडीने विज्ञानाला तिथे काही मिळत नाही.

प्रत्यक्षात सर्वांत सावध राहायचं ते बोटींपासून. मासा दिसला की चारी बाजूंनी बोटी धावत येतात. वर येताना पाण्यातून गोल फिरत आकाशाकडे पाहा, एक हात डोक्यावर उंचावा, इंजिनचा आवाज जवळ येत असेल तर दिशा बदला. वर थांबलेल्या जोडीदाराकडे रंगीत फुगा किंवा झेंडा असू द्या. शार्कच्या अंगावरचे वार ज्या पंख्यांनी केले, तेच पंखे तुमच्याही डोक्यावर फिरत असतात.

कुणाबरोबर जायचं

संशोधनाच्या नावाने चालणाऱ्या सगळ्या सहली संशोधनाच्या नसतात. पैसे भरण्याआधी विचारा: संशोधनाचा सरकारी परवाना कुणाच्या नावावर आहे? नोंदी कुठे जमा होतात, त्यांवर आजवर काय प्रसिद्ध झालं? एका वेळी पाण्यात किती जण? बोटीवर प्राणवायूचा सिलिंडर आणि तो वापरता येणारं माणूस आहे का? विमा कुणाचा? गोलमोल उत्तर देणाऱ्या संस्थेला नम्रपणे नकार द्या. खाऊ घालून मासे जमवणाऱ्या जागा तर टाळाच. फिलिपिन्सच्या ओस्लॉबला व्हेल शार्कना रोज कोळंबी चारली जाते आणि पर्यटक त्यांच्याभोवती तरंगतात. तिथे मासा नक्की दिसतो हे खरं. पण तो बोटीजवळ यायला शिकतो, आणि बोट हाच त्याचा मोठा शत्रू आहे.

आपल्या किनाऱ्याची गोष्ट वेगळी आहे, पण ती माहीत असावी. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची शिकार होत असे. २००१ मध्ये त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलं गेलं, आणि २००४ पासून वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने वनखात्याच्या साथीने मोहीम चालवली. मोरारी बापूंनी या माशाची तुलना बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या लेकीशी केली, आणि जे कोळी त्याला मारत होते तेच जाळी कापून त्याला सोडू लागले. महाराष्ट्रातही संरक्षित प्राण्याला सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला भरपाई देण्याची सरकारी योजना आहे. आपल्या गढूळ पाण्यात श्वास रोखून फोटो घेण्याला मर्यादा आहेत. इथे खरी नोंद बोटीवरचा मच्छीमार करू शकतो: जाळ्यात सापडलेल्या माशाचा, सोडण्याआधीचा, डाव्या कुशीचा एक फोटो. मालवण, रत्नागिरी, अलिबागकडे तुमचं कुणी समुद्रावर जात असेल, तर त्याला कुठल्या बाजूचा फोटो हवा आणि का, हे समजावून सांगा.

वर आल्यावर

निम्मं काम बोटीवर होतं. कॅमेऱ्याचं घड्याळ त्या दिवशीच्या स्थानिक वेळेशी जुळवलेलं असावं, नाहीतर फोटो आणि जागा यांचा मेळ बसत नाही. बोटीवर चढताच जीपीएसवरची जागा, वेळ, अंदाजे लांबी, नर-मादी, जखमा, आसपास किती बोटी होत्या आणि मासा काय करत होता हे लिहून टाका. प्लास्टिकची पाटी आणि शिसपेन्सिल पाण्यातही चालतात. लांबीचा अंदाज दोघांनी वेगवेगळा लिहावा, एकमेकांना विचारून नाही. समोरचा मासा नेहमी असतो त्यापेक्षा मोठा वाटतो. म्हणून संशोधक ठरावीक अंतरावर बसवलेल्या दोन समांतर लेझर किरणांचे ठिपके माशावर टाकून फोटोवरून लांबी काढतात. ते उपकरण हाती मिळालं तर माशाला पूर्ण समांतर राहण्यावर लक्ष द्या; थोडं तिरपं झालं तरी आकडा चुकतो.

फोटो निवडताना सुंदर दिसणारे बाजूला ठेवा. समोरून येणारा, तोंड उघडलेला मासा भिंतीवर छान दिसतो, ओळखीला त्याचा उपयोग नाही. डाव्या कुशीचा, मग उजव्या कुशीचा, मग पोटाखालचा, मग जखमांचा, या क्रमाने द्या. रंग बदलू नका, कापू नका, फिल्टर लावू नका. व्हिडिओतली एक स्थिर चौकटही चालते. समाजमाध्यमांवर टाकायचे असतील तर आधी संस्थेला विचारा, आणि नेमकी जागा लिहू नका. ती वाचून दुसऱ्या दिवशी चार बोटी जास्त येतात.

आणि एखाद्या दिवशी सहा-सात तास बोटीच्या टपावर उन्हात उभं राहून काहीच दिसलं नाही, तर तेही लिहा: किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पाहिलं, कुठून कुठे गेलात, समुद्र कसा होता, डोळे लावून किती जण बसले होते. रिकाम्या दिवसांचे तास हाताशी असल्याशिवाय मासे वाढले की घटले, हे कुणालाही सांगता येत नाही. स्वयंसेवक हीच पानं सर्वांत जास्त वेळा कोरी सोडतात. तुमचं पान भरून द्या.